घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरची घरघर: कपॅसिटर नको, ग्राउंडची वाट तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीडीए ७२९४ या ॲम्प्लिफायर आयसीचे दोन बोर्ड, २४-०-२४ व्होल्ट ५ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, ४५५८ या छोट्या आयसीचं बास-ट्रेबल बोर्ड आणि ब्लूटूथ-यूएसबीचं पॅनेल असा स्टिरिओ ॲम्प्लिफायर तुम्ही घरी बांधला. कॅबिनेट पत्र्याचं, पुढचं पॅनेल ॲक्रिलिकचं. व्हॉल्यूम पूर्ण बंद असतानाही स्पीकरमधून घरघर येते. व्हॉल्यूमच्या दांड्याला बोट लावलं की ‘घूं’ वाढतं. टीव्ही जोडला की आणखी भर पडते. फिल्टरचे ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर काढून १०,००० चे टाकले, फरक शून्य. मग कुणीतरी सांगितलं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढली आणि टीव्हीमुळे येणारी घरघर गेली. हे असंच ठेवलं तर चालेल का, आणि उरलेली घरघर कशी घालवायची, असं तुम्ही विचारता.

चालणार नाही. आधी ती पिन परत लावा, मग पुढचं बोलू.

कारण सांगतो. तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं, म्हणजे मेन्सकडच्या वाइंडिंगचं, इन्सुलेशन एखाद्या दिवशी गेलं, किंवा स्विचवरची फेजची वायर निसटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही, गाणं चालू राहतं, आणि कॅबिनेट २३० व्होल्टवर बसतं. ऑडिओ ग्राउंड (सिग्नलची शून्य व्होल्टची परतीची वायर) कॅबिनेटला जोडलेलं असेल तर तो करंट ऑडिओ वायरच्या शिल्डच्या, म्हणजे बाहेरच्या जाळीच्या, वाटेने टीव्हीच्या बॉडीपर्यंत आणि माइक लावला असेल तर माइकच्या जाळीपर्यंत जातो. एका गावात भजनाच्या वेळी ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या गायकाला माइकचा झटका बसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या ॲम्प्लिफायरची पिनही घरघर येते म्हणूनच कापलेली होती. तो माणूस वाचला. तेव्हापासून पिन कापलेला सेट माझ्याकडे आला की मी पहिल्यांदा प्लग बदलतो, मग झाकण उघडतो. टीव्हीची घरघर पिन न कापताही जाते, ते खाली येईलच.

पिन लावण्याआधी एक तपासणी मात्र करा. टीडीए ७२९४ च्या पाठीचा धातूचा पत्रा आतून मायनस सप्लायला जोडलेला असतो. म्हणजे तुमच्याकडे त्यावर साधारण उणे ३३ व्होल्ट आहेत. आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पट्टी नसेल, किंवा स्क्रू आवळताना ती फाटली असेल, तर हीटसिंकवर आणि तिथून कॅबिनेटवर मायनस सप्लाय येतो. अशा कॅबिनेटला ऑडिओ ग्राउंड जोडलं की सरळ शॉर्ट. सेट बंद करून, कपॅसिटर १०० ओहम ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामे करून, मीटरने हीटसिंक आणि मायनस सप्लाय यांमध्ये कंटिन्युइटी बघा. बझर वाजता कामा नये. अर्थिंगची वायर कॅबिनेटला जोडताना त्या जागेचा रंग कानस किंवा पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकचकीत करा, गोल टर्मिनल लावा, खाली दातेरी वॉशर घाला आणि बोल्ट घट्ट आवळा. पावडर कोटिंगवर नुसता स्क्रू आवळला तर वायर दिसायला जोडलेली असते, पण विजेच्या दृष्टीने ती हवेतच लटकत असते. आणि घराच्या बोर्डातच अर्थिंग आहे का, हेही बघा. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत यायला हवं. फेज ते अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. ॲम्प्लिफायर तोवर थांबू शकतो.

आता घरघरीकडे. पहिलं काम कानाचं आहे. आपल्याकडचा मेन्स ५० हर्ट्झचा. स्पीकरमधून येणारा आवाज मऊ, गोल, खर्जातला ‘हूं’ असेल तर तो ५० हर्ट्झचा. तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून, उघड्या राहिलेल्या इनपुटमधून किंवा टीव्हीसारख्या बाहेरच्या लूपमधून, म्हणजे ग्राउंडच्या वायरींच्या बंद फेऱ्यातून, येतो. आवाज खरखरीत, दातेरी, भुंग्यासारखा असेल तर तो १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला. एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर मेन्सच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून दुप्पट. असा आवाज रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटरच्या वायरिंगमधून येतो. कानाला नक्की होत नसेल तर मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही ॲप उघडून फोन स्पीकरच्या शंकूजवळ धरा, खांब ५० वर उभा राहतो की १०० वर ते दिसेल. इंटरनेटवर अमेरिकन लोक ६० आणि १२० लिहितात, तो त्यांच्या मेन्सचा हिशोब आहे. तुम्ही घरघर म्हणता आणि ती व्हॉल्यूम बंद असतानाही येते, त्यावरून माझा अंदाज १०० हर्ट्झचा आहे. पण अंदाजावर वायर कापू नका, आधी चाचण्या करा.

चाचणीसाठी चांगला स्पीकर लावू नका. जुन्या टीव्हीतला चार इंची स्पीकर पुरे. वायरिंगला हात लावल्यानंतर पहिल्यांदा सेट चालू करताना १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून, म्हणजे सिरीज लॅम्पवर करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर लावण्याआधी आउटपुटचे डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवेत. एखाद्या बोर्डाच्या आउटपुटवर कित्येक व्होल्ट डीसी असतील तर तो आयसी गेलेला आहे. असा बोर्ड स्पीकर लावताच प्रचंड ‘घूं’ करतो, शंकू एका बाजूला ढकलला जातो आणि काही सेकंदांत कॉइल जळते. ती घरघर ग्राउंडिंगची नसते, तिथे आयसीच बदलावा लागतो.

हे सगळं ठीक असेल तर एक आरसीए प्लग घ्या, त्याची मधली पिन आणि बाहेरची कडी आतच सोल्डरने जोडून टाका. हा शॉर्टिंग प्लग. माझ्या टूलबॉक्समध्ये असे दोन नेहमी असतात, आणि घरघरीच्या कामात मीटरपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त होतो. मागून पुढे या. सगळ्यात आधी पॉवर बोर्डाचं इनपुट बास-ट्रेबल बोर्डापासून पूर्ण सोडवा, सिग्नलची वायरही आणि शिल्डही, आणि पॉवर बोर्डाच्याच इनपुटवर सिग्नल-ग्राउंड शॉर्ट करा. घरघर राहिली तर दोष त्या बोर्डाच्या सप्लायच्या आणि ग्राउंडच्या वायरिंगमध्ये. गेली तर शॉर्ट काढा, बास-ट्रेबल जोडा, त्याच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग लावा. आता परत आली तर दोष दोन बोर्डांच्या मधल्या ग्राउंडमध्ये. मग ब्लूटूथ पॅनेलचा सप्लाय सोडून-जोडून बघा, शेवटी टीव्ही. ज्या पायरीला आवाज परत येतो, त्या पायरीत जोडलेल्या वायरमध्येच चोर आहे. हे एका तासाचं काम आहे, आणि हे न करता लोक आठवडाभर सुटे भाग बदलत बसतात.

आता कपॅसिटर वाढवून फरक का पडला नाही ते समजून घ्या, कारण या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. गाणं वाजत नसताना एक टीडीए ७२९४ साधारण ३० मिलिअँपियर ओढतो, दोन मिळून ६०. एवढ्या करंटला ४७०० मायक्रोफॅरडवर उरणारी रिपल, म्हणजे डीसीवरची लाट, एका व्होल्टच्या आठव्या भागापेक्षा जास्त नसते, आणि ती गाळून टाकण्याची क्षमता आयसीमध्येच असते. रिपल हा तुमचा त्रास कधी नव्हताच. त्रास आहे तो कपॅसिटर भरताना जाणाऱ्या झटक्यांचा. डायोड सतत करंट देत नाहीत. दर १० मिलिसेकंदांतले जेमतेम एक-दोन मिलिसेकंद ते उघडतात आणि तेवढ्यात सगळा करंट एकदम ढकलतात. म्हणून बाकीचे बोर्ड धरून सरासरी करंट ०.२ अँपियर असला तरी झटक्याचं शिखर एक-दीड अँपियरचं असतं, आणि गाणं जोरात वाजत असताना ते १० अँपियरच्या वर सहज जातं. कपॅसिटर मोठा केला तर हे झटके अरुंद आणि उंच होतात, कमी नाही होत.

आता हे झटके कुठल्या वायरमधून जातात ते बघा. प्लसचा आणि मायनसचा कपॅसिटर ज्या ठिकाणी एकमेकांना जोडले आहेत तो तुकडा, आणि त्यावर येणारी सेंटर टॅपची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या २४-०-२४ मधल्या शून्याची, वायर. प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंनी सारखाच करंट ओढला असता तर सेंटर टॅपमध्ये ते झटके एकमेकांना बरेचसे मारून टाकतात. पण तुमचं ब्लूटूथ पॅनेल आणि बास-ट्रेबल बोर्ड दोन्ही फक्त प्लस बाजूवर चालतात, म्हणून तेवढा फरक सेंटर टॅपमधून धडधडत जातो. समजा त्या वाटेत ०.५ चौरस मिलिमीटरची १० सेंटिमीटर वायर आहे. तिचा रेझिस्टन्स सुमारे साडेतीन मिलिओहम. दीड अँपियरच्या झटक्याला तिच्या दोन टोकांमध्ये ५ मिलिव्होल्ट उभे राहतात, सेकंदाला १०० वेळा. आता तुम्ही इनपुटचं ग्राउंड त्या वायरच्या एका टोकाला घेतलं असेल आणि पॉवर बोर्डाचं दुसऱ्या टोकाला, तर हे ५ मिलिव्होल्ट गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळले. ७२९४ च्या नेहमीच्या बोर्डावर २२ किलोओहम आणि ६८० ओहमची जोडी असते, म्हणजे ॲम्प्लिफिकेशन ३३ पट. ५ गुणिले ३३, स्पीकरवर १६५ मिलिव्होल्ट. व्हॉल्यूम बंद आहे की पूर्ण, याचा त्याच्याशी संबंध नाही, कारण हे व्हॉल्यूमच्या पुढे घडतंय. रात्री खोली शांत झाली की २० मिलिव्होल्टसुद्धा ऐकू येतात.

ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट, हे आपण सर्किटच्या कागदावर शिकतो. कागदावर ती एक रेघ असते. कॅबिनेटमध्ये ती वायर असते, आणि करंट वाहणाऱ्या वायरच्या दोन टोकांना व्होल्टेज वेगवेगळं असतं. शून्य फक्त एका ठिकाणी असतं, तुम्ही ठरवाल त्या ठिकाणी.

ते ठिकाण असं तयार करा. दोन्ही फिल्टर कपॅसिटर शेजारी ठेवून त्यांचा जोड तांब्याच्या जाड पट्टीने किंवा २.५ चौरस मिलिमीटरच्या आखूड वायरने करा. सेंटर टॅप थेट त्या पट्टीवर आणा. इथपर्यंतचा भाग मळका समजा, याला दुसरं काहीही जोडायचं नाही. मग पट्टीच्या मध्यातून दोन-तीन सेंटिमीटरची वेगळी जाड वायर काढून एका बोल्टवर न्या. हा बोल्ट कॅबिनेटपासून इन्सुलेटेड हवा. हाच तुमचा स्टार. डाव्या बोर्डाचं ग्राउंड, उजव्या बोर्डाचं ग्राउंड, दोन्ही स्पीकरच्या परतीच्या वायर, बास-ट्रेबलचं ग्राउंड, प्रत्येकाची स्वतंत्र वायर या बोल्टवर येईल. साखळी करून, म्हणजे इकडून तिकडे तिथून पुढे अशी एकच वायर फिरवून, ग्राउंड देऊ नका. तयार मिळणाऱ्या रेक्टिफायर बोर्डावर सेंटर टॅपचं स्क्रू टर्मिनल आणि आउटपुटचं ग्राउंड टर्मिनल यांच्यामध्ये कपॅसिटर कुठे बसलेत ते पीसीबी उलटी करून बघा. कित्येक बोर्डांवर ग्राउंड सेंटर टॅपच्या टर्मिनलजवळूनच काढलेलं असतं, कपॅसिटरच्या पलीकडून नाही. तिथे सरळ कपॅसिटरच्या पायांवरून जाड वायर घ्या.

स्टार केला तरी पुष्कळांची घरघर निम्मीच जाते. कारण स्टिरिओमध्ये एक लूप आपोआप तयार होतो. बास-ट्रेबल बोर्डातून डावी शिल्डेड वायर डाव्या पॉवर बोर्डाला, उजवी उजव्याला. दोन्ही शिल्ड एका टोकाला बास-ट्रेबलवर जोडलेले, दुसऱ्या टोकाला आपापल्या बोर्डावर, आणि ते बोर्ड परत स्टारवर जोडलेले. झाला पूर्ण फेरा. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र या फेऱ्यातून गेलं की त्यात ५० हर्ट्झचा करंट फिरतो. याला उपाय प्रत्येक पॉवर बोर्डावर करायचा: इनपुटकडचं ग्राउंड आणि सप्लायचं ग्राउंड यांना जोडणारा पीसीबीचा ट्रॅक ब्लेडने कापा आणि त्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावा. इनपुटच्या २२ किलोओहमचं खालचं टोक आणि ६८० ओहमखालच्या २२ मायक्रोफॅरडचं खालचं टोक, ही दोन्ही टोकं कापलेल्या ट्रॅकच्या इनपुटच्या बाजूला राहायला हवीत. हे चुकलं तर उपाय लागू पडत नाही. काही जण ट्रॅक कापायला नको म्हणून तो १० ओहम शिल्डच्या वायरमध्येच घालतात. तसं करू नका. मग लूपमधलं सगळं व्होल्टेज सिग्नलच्या रांगेत येऊन बसतं आणि घरघर वाढते. ट्रॅक कापण्याची हिंमत होत नसेल तर निदान दोन्ही शिल्डेड वायर आणि दोन्ही बोर्डांच्या सप्लायच्या वायर एकत्र बांधून न्या, म्हणजे फेऱ्याचं तोंड लहान होईल.

आरसीए सॉकेट पत्र्यापासून इन्सुलेटेड हवेत. माझ्या स्वतःच्या एका सेटमध्ये दोन संध्याकाळी गेल्या होत्या. स्टार बरोबर, १० ओहम बरोबर, तरी ‘हूं’ जाईना. शेवटी एका सॉकेटच्या नटाखालचा फायबरचा वॉशर अर्धा चिरलेला सापडला, पत्रा आणि सॉकेटची कडी केसाएवढ्या जागेत टेकत होती. ऑडिओ ग्राउंड तिथे एकदा आणि स्टारजवळ दुसऱ्यांदा कॅबिनेटला जोडलं जात होतं. म्हणून वायरिंग संपलं की स्टार ते कॅबिनेट ही एकमेव जोडणी (ती कशी असावी ते पुढे येतं) सोडवा आणि ऑडिओ ग्राउंड ते कॅबिनेट मीटर लावा. बझर वाजला तर कुठेतरी न ठरवलेली जोडणी आहे, ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता ती एकमेव जोडणी. टीव्हीच्या घरघरीचं उत्तर इथेच आहे. तुमच्या सेटचं ऑडिओ ग्राउंड पिनमधून घराच्या अर्थिंगला गेलं होतं, आणि टीव्हीचं ग्राउंड सेट-टॉप बॉक्सच्या कोॲक्स केबलच्या जाळीतून बाहेर केबलवाल्याच्या लाइनला. त्या दोन ठिकाणांच्या जमिनीत एक-दोन व्होल्टचा फरक असणं नेहमीचं, आणि तो करंट तुमच्या ऑडिओ वायरच्या शिल्डमधून वाहत होता. पिन काढल्यावर फेरा तुटला म्हणून आवाज गेला. तोच फेरा सुरक्षितपणे तोडता येतो. एक ३५ अँपियरचा चौकोनी ब्रिज रेक्टिफायर घ्या. त्याचे प्लस आणि मायनस एकमेकांना जोडा. एसीच्या दोन टोकांपैकी एक कॅबिनेटवरच्या अर्थिंगच्या बोल्टला, दुसरं स्टारला. त्याच दोन टोकांवर १० ओहम ५ वॉट आणि ०.१ मायक्रोफॅरड समांतर लावा. लहान फरक असताना डायोड बंद असतात आणि लूपचा करंट १० ओहमला अडतो. बिघाड होऊन ऑडिओ ग्राउंडवर मेन्स आलाच तर डायोड लगेच उघडून तो करंट अर्थिंगला नेतात आणि फ्यूज उडतो. प्रायमरीला २ अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज असू द्या. लक्षात घ्या, ब्रिज फक्त स्टार आणि कॅबिनेट यांच्यामध्ये आहे. कॅबिनेट आणि अर्थिंगची पिन यांच्यामध्ये वायरशिवाय काहीही येता कामा नये.

यानेही टीव्हीचा ‘हूं’ थोडा उरला तर कोॲक्स बॉक्समधून काढून बघा, एका क्षणात कळेल. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर त्याचा छोटा कन्व्हर्टर घेणं उत्तम, प्रकाशाच्या दोरीतून ग्राउंड जातच नाही. १:१ चे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेला ग्राउंड लूप आयसोलेटरही चालतो, पण स्वस्तातला घेतला तर खालचा बास मार खातो.

ब्लूटूथ पॅनेलचं वेगळं सांगायला हवं, कारण त्याचा आवाज वेगळा असतो: ‘टिक टिक’, बारीक ‘चीं’, गाणं बदलताना किरकिर. त्याचा डिजिटल भाग सप्लायच्या ग्राउंडमधून झटके सोडतो आणि तेच ग्राउंड ऑडिओचं म्हणूनही बास-ट्रेबलला गेलेलं असतं. पॅनेल ५ व्होल्टचं असेल तर बी०५०५एस हे छोटं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल मध्ये घाला. १ वॉटचं मॉड्यूल २०० मिलिअँपियर देतं, पेनड्राइव्ह वाजवणार असाल तर २ वॉटचं घ्या. मग पॅनेलचं ग्राउंड फक्त ऑडिओच्या शिल्डमधूनच जोडलेलं राहील. आणि बास-ट्रेबल बोर्डासाठी किंवा पॅनेलसाठी १२ व्होल्टचा सप्लाय तुम्ही मुख्य प्लस ३३ वरून थेट ७८१२ हा रेग्युलेटर आयसी लावून घेतला असेल तर तो आजच बदला. ७८१२ ची इनपुटची कमाल मर्यादा ३५ व्होल्ट आहे, आणि रात्री मेन्स २४५ झाला की तुमची लाइन तिच्या पलीकडे जाते. ट्रान्सफॉर्मरला वेगळी १२ व्होल्टची वाइंडिंग असेल तर ती वापरा, नसेल तर छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवा. सेंटर टॅपमधला तो असमतोलही त्याने आपोआप जाईल.

दांड्याला बोट लावल्यावर वाढणारं ‘घूं’ सगळ्यात सोपं. ॲक्रिलिक पॅनेलमुळे व्हॉल्यूम कंट्रोलच्या धातूच्या टोपीला ग्राउंड मिळत नाही आणि तुमचं शरीर खोलीतला मेन्स गोळा करून तिला देतं. टोपीचा एक कोपरा खरवडून, गरम सोल्डरिंग गनने पटकन टाका मारून, वायर कॅबिनेटच्या बोल्टवर न्या. टाका मारताना सोल्डर लवकर बसत नाही म्हणून गन धरून बसू नका, आतली कार्बनची पट्टी भाजते.

उरला ट्रान्सफॉर्मर. स्पीकर काढल्यावरही ऐकू येतो तो आवाज पत्र्याचा आणि लॅमिनेशनचा, त्याला रबरी वॉशर लावा. स्पीकरमधला मऊ ‘हूं’ ट्रान्सफॉर्मर हलवल्यावर बदलत असेल तर तो चुंबकीय. बास-ट्रेबल बोर्डापासून शक्य तितका लांब न्या, साध्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरला ९० अंश फिरवून बघा, गोल असेल तर थोडं थोडं फिरवत आवाज सगळ्यात कमी होईल ती दिशा शोधून मग बोल्ट आवळा. प्रत्येक वेळी प्लग काढूनच हात घाला. गोल ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक झाकणाच्या पत्र्याला टेकू देऊ नका. बोल्ट, तळ, बाजू आणि झाकण मिळून एक वेढा पूर्ण होतो, आणि तो शॉर्ट झालेला वेढा ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो. एसीच्या तिन्ही वायर एकमेकींना पीळ देऊन न्या, प्लस-मायनस-ग्राउंडच्याही, स्पीकरच्याही. शिल्डेड वायर त्यांच्या शेजारून समांतर नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मात्र थोडी खरखर राहीलच, लाइट गेल्यावर ती वाढली तर सेटमध्ये दोष शोधू नका.

मोजायचं असेल तर एसी मिलिव्होल्टची रेंज असलेला मीटर लागेल. साध्या पिवळ्या मीटरवर एसीच्या २०० आणि ७५० व्होल्टच्याच दोन रेंज असतात, त्यावर घरघर दिसत नाही. इनपुटला शॉर्टिंग प्लग, व्हॉल्यूम बंद, मीटर स्पीकरच्या टर्मिनलवर. ७२९४ वर नीट वायरिंग केलं की १ मिलिव्होल्टच्या आत येतं, ३ च्या आत असेल तर तक्रार करायला जागा नाही. आधी आत्ताचा आकडा लिहून ठेवा, मग एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतरचा आकडा त्याच्याखाली लिहा. तुमच्या सेटमध्ये सगळ्यात मोठी उतरण कपॅसिटरमधल्या त्या पट्टीवर मिळेल असं मला वाटतं. तिथूनच सुरुवात करा, आणि आकडे आले की दोन्ही चॅनेलचे वेगवेगळे सांगा.